संयुक्त कर-विवरणपत्र : पत्नीची सही आणि नवऱ्याचे देणे

अमेरिकेत नांदायला गेलेल्या मुलीपुढे पहिल्याच वर्षी, मार्च-एप्रिलच्या सुमारास, एक कागद येतो. नवरा म्हणतो, "इथे सही कर, टॅक्सचे काम आहे." अलीकडे बहुधा कागदही येत नाही. संगणकावर पाच आकडी क्रमांक टाकला की सही झाली असे धरले जाते, आणि पुष्कळ घरांत तो क्रमांकही नवराच टाकून मोकळा होतो. मुलीला वाटते, रेशनकार्डावर नाव चढवण्यासारखी ही बाब असेल. वास्तविक त्या सहीने ती नवऱ्याच्या त्या वर्षाच्या संपूर्ण आयकराला जामीन राहते. पुढे कर थकला, किंवा विवरणपत्रात दाखवलेली कमाई खोटी निघाली, तर अमेरिकन सरकार सगळी रक्कम एकट्या तिच्याकडून वसूल करू शकते. मग ती कमाई तिने डोळ्यांनी पाहिलेली असो वा नसो.

हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्याचे कारण आहे. रत्नागिरी-रायगडपासून भिवंडी-मालेगावपर्यंत आपल्या वाचकांच्या कितीतरी घरांतील मुली आज न्यू जर्सी, शिकागो, टेक्सास अशा ठिकाणी आहेत. निकाहाच्या आधी मुलीचा बाप जावयाची नोकरी विचारतो, व्हिसा विचारतो, भाड्याचे घर की स्वतःचे हेही विचारतो. मेहेरच्या रकमेवर तर दोन-दोन बैठका होतात. पण कराचा कागद कसा भरणार, हे आम्ही कोणाला विचारताना ऐकलेले नाही. आणखी एक कारण असे की पती-पत्नीचे एकत्र विवरणपत्र आपल्या देशातही असावे, अशी सूचना अधूनमधून होत असते. त्या सूचनेतील फायदा सगळे सांगतात. तोटा सांगणारे कमी आहेत.

फायदा किती?

प्रथम फायद्याचे पाहू, कारण तो खरा आहे आणि मोठाही आहे. अमेरिकेत विवाहित जोडप्याला दोन मार्ग असतात. दोघांनी मिळून एक विवरणपत्र भरावे, किंवा प्रत्येकाने विवाहित म्हणून आपापले वेगळे भरावे. २०२५ सालासाठी संयुक्त विवरणपत्रात सरसकट वजावट ३१,५०० डॉलर होती, तर वेगळे भरणाऱ्यास १५,७५० डॉलर. कराचे टप्पेही संयुक्तमध्ये रुंद असतात. समजा, नवऱ्याचा पगार ९०,००० डॉलर आहे आणि पत्नीची कमाई काहीच नाही. संयुक्त भरल्यास २०२५ सालाचा संघराज्य आयकर सुमारे ६,५४३ डॉलर येतो. नवऱ्याने वेगळे भरल्यास तोच सुमारे ११,२४९ डॉलर होतो. म्हणजे एका सहीची किंमत ४,७०० डॉलर. शिवाय वेगळे भरणाऱ्याला शिक्षणखर्चाची करसवलत मिळत नाही आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावटही मिळत नाही. एवढा फरक असल्यावर कोणीही हिशोबी माणूस संयुक्तच भरणार, आणि बहुतेक जोडपी तसेच करतात. त्यात गैर काही नाही.

ही सवलत आली कशी, हेही मनोरंजक आहे. अमेरिकेच्या काही राज्यांत, जसे टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, लग्नानंतरची कमाई पती-पत्नीची निम्मी-निम्मी समजली जाते. १९३० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन राज्यातील एका जोडप्याच्या खटल्यात असे ठरवले की, तेथील पत्नी निम्म्या कमाईवर स्वतंत्र कर भरू शकते. साहजिकच इतर राज्यांतील लोक कुरकुर करू लागले, कारण तेवढ्याच कमाईवर त्यांना जास्त कर बसत होता. शेवटी १९४८ साली कायदा बदलून सर्व राज्यांतील जोडप्यांना कमाई विभागून कर लावण्याची सोय दिली गेली. आपल्या गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे असाच प्रकार आहे. गोव्यातील मुसलमानांनाही तो कायदा लागू आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५अ १९९४ साली पूर्वलक्षी घातले गेले आणि त्याने गोव्याच्या जोडप्यांची घरभाडे, धंदा वगैरे कमाई निम्मी-निम्मी धरली. पगार मात्र ज्याचा त्याचा. पण गोव्यात दोघांची विवरणपत्रे वेगळीच राहतात. एकाचे खोटे दुसऱ्याच्या कागदावर येत नाही. अमेरिकेत कागदच एक होतो, आणि सगळी गोम तिथे आहे.

जामीन म्हणजे कसा जामीन?

१९३८ च्या कायद्याने तिथे स्पष्ट लिहिले गेले की, संयुक्त विवरणपत्रावरील करासाठी दोघे एकत्रितपणे आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणेही जबाबदार राहतील. आपल्या कपडा बाजारात हे समजावून सांगायला वकील लागत नाही. नव्या गिऱ्हाईकाला उधार माल द्यायचा तर आपण जामीन मागतो, आणि पैसे बुडाले तर आधी गिऱ्हाईकाचे दार ठोठावलेच पाहिजे असा काही नियम पाळत बसत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला धरतो. अमेरिकेचे आयकर खाते, म्हणजे इंटरनल रेव्हेन्यू सर्व्हिस, तेच करते. निम्मा कर त्याचा आणि निम्मा तिचा, असा हिशोब खात्यापुढे चालत नाही.

उदाहरण घ्या. नवऱ्याचे किराणा दुकान आहे, बराचसा व्यवहार रोखीचा. पत्नी औषधाच्या दुकानात पगारी नोकर आहे. नवऱ्याने एका वर्षात ६०,००० डॉलरची विक्री दडवली. दोन वर्षांनी दोघांचा तलाक झाला. तिसऱ्या वर्षी तपासणी निघाली. समजा, दडवलेल्या कमाईवर कर १५,००० डॉलर ठरला. त्यावर हलगर्जीपणाचा २० टक्के दंड म्हणजे ३,०००, आणि वर व्याज. नवरा दुकान विकून दुसऱ्या राज्यात गेला आहे, त्याच्या नावावर काही सापडत नाही. पत्नीचा पगार मात्र दर पंधरवड्याला बँकेत जमा होतो. वसुली तिच्याकडून होईल, आणि कायद्याने ती बरोबरही ठरेल.

ती म्हणेल, तलाकच्या हुकुमात न्यायाधीशांनी लिहिले आहे की सर्व कर नवऱ्याने भरावा. तो हुकूम नवरा-बायकोत चालतो. आयकर खाते त्याने बांधलेले नाही. खात्याने तिच्याकडून घेतलेले पैसे नवऱ्याकडून परत मिळवण्यासाठी तिला त्या हुकुमाचा उपयोग होईल, एवढेच. ती रक्कम भरून देण्याची अट तलाकनाम्यात स्पष्ट नसेल तर तेही अवघड.

मुदतीचाही विचार हवा. साधारणपणे विवरणपत्र भरल्यापासून तीन वर्षांपर्यंत खाते कर वाढवू शकते. पाव हिश्शाहून अधिक कमाई दडवली असेल तर सहा वर्षे. जाणूनबुजून केलेली फसवणूक असेल तर मुदतच नाही. आणि एकदा कर ठरला की वसुलीला साधारण दहा वर्षे मिळतात. एका गोष्टीत कायदा न्याय्य आहे: फसवणुकीचा ७५ टक्के दंड ज्याने फसवले त्यालाच बसतो, दुसऱ्याने स्वतः फसवणूक केली नसेल तर त्याच्यावर येत नाही. मूळ कर आणि त्यावरचे व्याज मात्र दोघांचेच.

आता आमच्या वाचकांनी विचार करावा. शरीअतमध्ये पत्नीची मालमत्ता तिची, नवऱ्याची नवऱ्याची. मेहेर, माहेरचा दागिना, वारशाचा हिस्सा, तिची स्वतःची कमाई, या कशावरही नवऱ्याच्या कर्जाचा बोजा आपोआप पडत नाही. तिची जकात वेगळी निघते, ती त्याच कारणाने. कोणाच्या कर्जाला कफील राहायचे तर ते स्वतःच्या रजामंदीने. संयुक्त विवरणपत्र हे सही करताना मागितलेले कफालतनामेच आहे, फक्त त्यावर तसे नाव लिहिलेले नसते. कफील राहू नये असे आमचे म्हणणे नाही. नवऱ्यासाठी पत्नी नाही राहणार तर कोण राहील? पण आपण कफील होत आहोत हे तिला ठाऊक असावे, इतकी मागणी जास्त नाही.

रजामंदी कशी ओळखतात?

संयुक्त विवरणपत्रावर दोघांची सही लागते. कर भरणारा एजंट संगणकाने पाठवत असेल तर त्यासाठी वेगळ्या अधिकारपत्रावर, म्हणजे फॉर्म ८८७९ वर, दोघांनी सही करायची असते. पण सही नाही म्हणून सुटका झाली असे समजू नये. तिथल्या न्यायालयांनी वर्षानुवर्षे हाच निकष लावला आहे की, दोघांचा इरादा संयुक्त भरण्याचा होता का. आधीच्या वर्षांत संयुक्त भरले होते, तिने आपल्या पगाराचा दाखला नवऱ्याच्या हाती दिला, स्वतःचे वेगळे विवरणपत्र भरले नाही, कधी तक्रार केली नाही, तर नवऱ्यानेच तिची सही ठोकली असली तरी तिची मूक संमती होती असे धरले जाऊ शकते. निकाहात मुलीच्या गप्प राहण्याचा अर्थ काय काढतात ते आपण जाणतो. कराच्या कागदातही गप्प राहण्याचा अर्थ तसाच निघतो, आणि इथे कोणी वकील, गवाह येऊन तिला विचारतही नाही.

उलट बाजूने, तिची सही खरोखर बनावट असेल आणि संमतीची कोणतीच खूण नसेल, तर ते विवरणपत्र तिच्यापुरते संयुक्त नव्हेच. धाकदपटशा करून, मारहाणीची भीती घालून सही घेतली असेल तरीही तसेच. नियमांत हे स्पष्ट आहे. मात्र ते शाबीत करण्याचे ओझे बहुतांशी तिच्यावर येते, म्हणून त्या वेळचे निरोप, डॉक्टरांचे कागद, पोलिसांत दिलेली फिर्याद जपून ठेवावी लागते.

आणखी एक नियम फार महत्त्वाचा. वेगळे विवरणपत्र भरले असेल तर मूळ मुदतीच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत दोघे मिळून ते बदलून संयुक्त करू शकतात. पण संयुक्त भरून झाले आणि १५ एप्रिलची मुदत उलटली, तर ते मोडून वेगळे करता येत नाही. म्हणून मनात शंका असेल त्या वर्षी आधी वेगळे भरावे. शंका फिटली की संयुक्त करता येते आणि जादा भरलेला कर परत मागता येतो. आमच्या मते या एका नियमात मुलीचे अर्धे संरक्षण आहे, आणि तोच सर्वांत कमी लोकांना माहीत असतो.

मुलगी अजून इथेच असेल तर

निकाह झाला, व्हिसा निघायचा आहे, मुलगी माहेरीच आहे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, निकाह झालेला असला की ते पूर्ण वर्ष विवाहित म्हणून धरतात. जावई अमेरिकेचा नागरिक किंवा करापुरता तेथील रहिवासी असेल, तर तो परदेशात असलेल्या पत्नीलाही रहिवासी मानून संयुक्त भरण्याचा पर्याय घेऊ शकतो. त्यासाठी पहिल्या वर्षी विवरणपत्रासोबत दोघांच्या सहीचे निवेदन जोडावे लागते. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर पत्नीसाठी वेगळा करदाता क्रमांक काढावा लागतो, आणि त्यासाठी पासपोर्टचे कागद मागवले जातात. बापाने असे कागद मागितले गेल्याचे पाहिले की समजावे, संयुक्त विवरणपत्राची तयारी चालू आहे.

या निवेदनाचा अर्थ असा की, पत्नीची साऱ्या जगातील कमाई अमेरिकेच्या कराखाली आली. इथे आपल्या मालदार घरांनी कान टवकारले पाहिजेत. मुलीच्या नावावर दुकानाचा गाळा आहे, त्याचे भाडे येते. ते दाखवावे लागेल. बँकेत मुदत ठेव आहे, तिचे व्याजही. पीपीएफचे व्याज आपल्याकडे करमुक्त असले तरी तिथे करपात्र आहे. कोकणातील आंब्याच्या बागेत तिचा हिस्सा असेल, तर शेतीचे उत्पन्न इथे माफ, तिथे माफ नाही. इथे भरलेल्या कराची वजावट तिथे मिळू शकते, पण जिथे इथे करच भरलेला नाही तिथे वजावट कशाची मिळणार? बाप म्हणतो, ते पैसे तर घरच्यांसाठी आहेत, मुलीचे फक्त नाव आहे. नाव ज्याचे, त्याच्याकडून खुलासा मागितला जातो. आणि ही कमाई न दाखवता संयुक्त भरले, तर इथे उलटा प्रकार होतो: पत्नीच्या दडलेल्या कमाईसाठी जावई अडचणीत येतो. जामीनकी दोन्ही बाजूंनी असते, हे मुलीकडच्यांनीही विसरू नये.

हा पर्याय एकदा घेतला की पुढील वर्षांनाही चालू राहतो, जोपर्यंत दोघांपैकी एकजण तो रद्द करत नाही, किंवा मृत्यू वा कायदेशीर विभक्ती होत नाही. एकदा संपला की त्या दोघांना तो पुन्हा घेता येत नाही. जिची अमेरिकेत काही कमाई नाही आणि जी अजून तिथे राहायला गेलेली नाही, अशा मुलीला स्वतःहून विवरणपत्र भरण्याची सहसा गरजच नसते. तेव्हा जावयाचे वाचणारे डॉलर एका बाजूला आणि इथल्या गाळ्या-बागेचा हिशोब दुसऱ्या बाजूला ठेवून तोलून पाहावे. मुलगी तिथे राहायला गेली आणि करापुरती रहिवासी ठरली, की निवेदनाशिवायही जगभरची कमाई दाखवावीच लागते. तेव्हा तिच्या भारतातील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्या खात्यांची वेगळी माहितीही द्यावी लागते.

सुटकेचे मार्ग

जामीनकीत फसलेल्या स्त्रीला सुटका देणारा पहिला कायदा तिथे १९७१ साली झाला. तो फार तोकडा होता. १९९८ मध्ये तो मोठ्या प्रमाणात बदलला आणि आज तीन वाटा आहेत. तिन्हींसाठी अर्ज एकच, फॉर्म ८८५७.

पहिली वाट अजाण जोडीदाराची. विवरणपत्रात नवऱ्याच्या चुकीमुळे कर कमी दाखवला गेला, सही करताना तिला ते ठाऊक नव्हते, ठाऊक असायला कारणही नव्हते, आणि सर्व परिस्थिती पाहता तिच्याकडून वसूल करणे अन्यायाचे आहे, असे ठरले पाहिजे. यातला "कारणही नव्हते" हा शब्द लोकांना नडतो. दाखवलेली कमाई ४०,००० डॉलर आणि दारात दोन नव्या गाड्या, दर वर्षी मुंबईच्या फेऱ्या, गावात बंगल्याचे काम चालू, अशी स्थिती असेल तर तुम्हाला शंका कशी आली नाही, असा प्रश्न येतो. शिक्षण किती, घरचे हिशोब कोण पाहत होते, नवऱ्याने लपवाछपवी केली का, हे सर्व विचारले जाते.

दुसरी वाट वाटणीची. तलाक झाला आहे, नवरा वारला आहे, कायदेशीर विभक्ती आहे, किंवा दोघे बारा महिने एका घरात राहिलेले नाहीत, अशी स्त्री मागणी करू शकते की, वाढलेला कर ज्याच्या कमाईचा त्याच्याकडे लावा. तिला त्या दडवलेल्या रकमेची प्रत्यक्ष माहिती होती असे खात्याने दाखवले, तर मात्र ही वाट बंद. यात भरून झालेले पैसेही परत मिळत नाहीत.

तिसरी वाट न्यायबुद्धीची. पहिल्या दोन्ही बसत नसतील तेव्हा ही. विशेषतः असे प्रकरण, ज्यात विवरणपत्र अगदी खरे होते पण दाखवलेला कर नवऱ्याने भरलाच नाही, त्यासाठी फक्त हीच वाट आहे. त्यात खाते हे पाहते की, सही करताना नवरा कर भरेल असे तिला खरोखर वाटत होते काय. २०१३ पासूनच्या नियमांत एक चांगला बदल आहे: नवऱ्याचा जुलूम होता किंवा पैशाचा सर्व कारभार त्याने मुठीत ठेवला होता आणि त्यामुळे तिला प्रश्न विचारणे शक्य नव्हते, तर तिला माहिती होती हा मुद्दा तिच्याविरुद्ध तेवढा धरत नाहीत.

पहिल्या दोन वाटांसाठी, तिच्याविरुद्ध वसुलीची पहिली कारवाई झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. तिसऱ्या वाटेलाही खाते हीच मुदत लावत असे. २०११ साली ती काढून टाकली आणि २०१९ च्या कायद्याने ते पक्के केले. आता जोवर वसुलीची मुदत आहे तोवर अर्ज करता येतो. नोटीस इंग्रजीत आहे म्हणून कपाटात ठेवून देणाऱ्यांनी दोन वर्षांचा आकडा लक्षात ठेवावा.

अर्ज करणाऱ्या स्त्रीला एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, म्हणजे नंतर घाबरगुंडी उडणार नाही. खाते तिच्या नवऱ्याला किंवा माजी नवऱ्याला अर्जाची खबर देतेच. मारहाणीच्या प्रकरणातही हा नियम सुटत नाही. त्याला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. मात्र तिचा नवा पत्ता, फोन, नोकरीचे ठिकाण त्याला कळवले जात नाही. निर्णय विरुद्ध गेला तर अंतिम पत्राच्या तारखेपासून ९० दिवसांत तिथल्या टॅक्स कोर्टात जाता येते, आणि सहा महिन्यांत निर्णयच आला नाही तरी जाता येते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर कमी उत्पन्नाच्या करदात्यांसाठी विद्यापीठांत व सेवाभावी संस्थांत मोफत किंवा नाममात्र फीची सल्ला केंद्रे आहेत. इंग्रजी कच्चे असलेल्यांना मदत करणे हेही त्यांचे काम आहे.

सहीपूर्वी

मुलीने काय करावे? सगळे पान वाचता आले नाही तरी चार जागा पाहाव्यात: एकूण कमाई, धंद्याचा नफा-तोटा, द्यायचा कर, आणि तो भरला की बाकी ठेवला. भरलेल्या विवरणपत्राची प्रत स्वतःच्या ईमेलवर मागून घ्यावी. नवऱ्याने नाही दिली तरी संयुक्त विवरणपत्राचा उतारा दोघांपैकी कोणीही एकटा खात्याकडून मागवू शकतो, त्याला दुसऱ्याची परवानगी लागत नाही. नवरा पगारदार असेल आणि कर पगारातूनच कापला जात असेल, तर धोका थोडा. रोखीचा धंदा, टॅक्सी, दुकान, भागीदारी असेल तर विचारपूस जास्त हवी. टेक्सास-कॅलिफोर्नियासारख्या निम्म्या वाटणीच्या राज्यांत वेगळे भरले तरी नवऱ्याच्या निम्म्या कमाईचा प्रश्न उभा राहतो, म्हणून तिथे जाणकाराला विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

जावयाला हे विचारणे म्हणजे अविश्वास, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. आपण सख्ख्या भावाच्या पेढीलाही माल देताना चिठ्ठी घेतो. तो अविश्वास नव्हे, रिवाज आहे.

आपल्याकडे काय?

भारतात संयुक्त विवरणपत्र नाही. प्रत्येकाचा पॅन वेगळा, कर वेगळा. ब्रिटनमध्ये विवाहित स्त्रीची कमाई करापुरती नवऱ्याचीच समजत असत, तेही एप्रिल १९९० पासून बंद झाले. आपल्याकडे हिंदू अविभक्त कुटुंबाची वेगळी फाईल उघडून काही व्यापारी कर वाचवतात. ती सोय मुसलमान कुटुंबांना नाही. त्यामुळे २०२५ च्या अंदाजपत्रकाआधी चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने जोडप्यांना ऐच्छिक संयुक्त विवरणपत्राची मुभा द्यावी अशी सूचना केली, तेव्हा आपल्या बाजारातही ती आवडावी हे स्वाभाविक होते. आम्हालाही ती वाईट वाटत नाही. पण सवलतीबरोबर जामीनकी येणार की नाही, आणि आली तर सुटकेची वाट कायद्यात पहिल्या दिवसापासून असेल का, हे आधी विचारले पाहिजे. अमेरिकेत जामीनकी १९३८ ला लिहिली गेली आणि सुटका १९७१ ला. मधली ३३ वर्षे ज्यांनी भरले त्यांनी भरले.

संयुक्त विवरणपत्र नसले तरी आपल्याकडच्या बायका जामीनकीतून मोकळ्या आहेत असे मात्र नाही. नवऱ्याने पत्नीला मोबदल्याशिवाय मालमत्ता दिली तर तिचे उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. १९६१ च्या कायद्यात हे कलम ६४ मध्ये आहे, आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या २०२५ च्या नव्या कायद्यातही ती पद्धत कायम ठेवली आहे. पण त्याच्या पाठोपाठच्या कलम ६५ कडे कोणी पाहत नाही: त्या मिळवलेल्या उत्पन्नावरचा कर नोटीस देऊन पत्नीकडूनही मागता येतो. तिच्या हिश्शाच्या उत्पन्नापुरताच, हे खरे; अमेरिकेसारखा सगळा नव्हे.

याहून मोठी जोखीम भागीदारीची आहे. कापडाच्या कितीतरी पेढ्यांत पत्नीला कागदावर भागीदार केलेले असते. तिने दुकानाची पायरी चढलेली नसते. १९३२ च्या भागीदारी कायद्याने प्रत्येक भागीदार पेढीच्या सर्व देण्याला एकत्रित आणि स्वतंत्रपणे जबाबदार असतो, आणि जीएसटीच्या कायद्यातही भागीदारांची जबाबदारी तशीच लिहिलेली आहे. नवरा वारला किंवा धंदा बसला की घेणेकरी आणि खाते दोघेही तिचे नाव वाचतात. पेढी सोडायची तर भागीदारीतून निवृत्तीचा लेख करावा, जाहीर नोटीस द्यावी आणि जीएसटी आयुक्तांना एक महिन्याच्या आत लेखी कळवावे. तसे कळवले नाही तर कळवल्याच्या तारखेपर्यंतची जबाबदारी तिच्यावर राहते. ज्यांच्या घरी अशी दस्तावेजे आहेत त्यांनी ती काढून पत्नीला एकदा वाचून दाखवावीत, आणि एक प्रत तिच्या कपाटात ठेवावी.